पिकअपची गंजलेली चेसिस बदलताना झिजलेले भाग कोणते बदलावेत?



आपल्या कार्यक्षेत्रात ऊस हे मुख्य पीक असले तरी आडसाली लागणीतले आंतरपीक, बांधावरची भाजी आणि दुसऱ्या तुकड्यातला कोबी-फ्लॉवर यांवरच पुष्कळ घरांचा महिन्याचा खर्च चालतो, हे आपण सर्व जाणतो. १९९६ साली भाजीपाल्याचा घाऊक बाजार मुंबई शहरातून तुर्भ्याला बाजार समितीच्या आवारात आला. तेव्हापासून आपल्याकडील गाड्या रात्री घाट उतरून नवी मुंबईला जातात आणि पहाटे माल उतरवून परततात. पूर्वी चार-पाच जणांत मिळून एक ट्रक ठरवीत. आता ज्याच्या-त्याच्या दारात पिकअप आहे. या गाड्यांपैकी आठ-दहा वर्षे झालेल्या कित्येक गाड्यांच्या चेसिस गंजून गेल्याचे आमच्या वाहन विभागातील मिस्त्री सांगतात. इंजिन ठणठणीत, हौदा बरा, टायर नवे, आणि खाली वाकून पाहावे तर पोलादाचे पापुद्रे सुटलेले! अशी गाडी घेऊन काही सभासद आमच्याकडे विचारायला आले म्हणून हा लेख देत आहोत.

प्रथम गंज का चढतो ते पाहू. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज धरतो हे शाळेत शिकलो. त्यात मीठ मिसळले की त्याचा वेग फार वाढतो, कारण खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया ही मुळात विजेचीच क्रिया आहे. नवी मुंबईच्या एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पनवेलची. मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यातले व तळोज्याचे कारखाने. पावसाळ्यात तेथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडच्या दुष्काळी पट्ट्यात तेवढा तीन-चार वर्षांत मिळून पडत असेल. तेथली हवा काय करते याचा दाखला हवा असेल तर वाशीचा पूल आठवा. १९७३ साली खुला झालेल्या ठाणे खाडीवरील पहिल्या पुलाच्या काँक्रीटमधल्या ताण दिलेल्या पोलादी तारांना गंज चढला, त्यावर मोठी दुरुस्ती करावी लागली, आणि पुढे १९९७ साली शेजारी दुसरा पूल वाहतुकीला खुला झाला. काँक्रीटच्या पोटातल्या तारांची ही गत, मग उघड्या चेसिसची काय कथा!

पण सगळा दोष खाडीच्या माथी मारणे बरोबर नाही. परतीच्या फेरीत आपण काय भरून आणतो तेही बघा. पोटॅशची पोती, मिश्रखते, कधी सुकी मासळी. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे रसायनाच्या दृष्टीने मिठाचाच भाऊ. पोते फुटते, दाणे हौद्याच्या फटीतून खाली चेसिसवर पडतात, दवाने ओले होतात आणि तिथेच बसतात. वर शेतातला चिखल बसला की ओलावा महिनोन्‌महिने सुकत नाही. आमच्या मते आपल्या भागातल्या निम्म्या चेसिस खाडीने नव्हे, खताने खाल्ल्या आहेत.

चेसिस म्हणजे शिडीसारखी रचना. दोन लांब बाजू आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या, म्हणजे क्रॉस मेंबर. लांब बाजू काही गाड्यांत पन्हळीसारख्या उघड्या असतात, काहींत चारी बाजूंनी बंद पेटीसारख्या. बंद पेटी बाहेरून रंगाने चकचकीत दिसते आणि आतून पोखरली जाते, कारण पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजलेली असतात. जिथे दोन पत्रे एकमेकांवर रिबिटांनी जोडले आहेत तिथे फटीत पाणी शिरते. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागत असल्यामुळे तो फुगतो आणि पत्रे पाचर मारल्यासारखे फाकतात. सर्वांत आधी पाहण्याच्या जागा म्हणजे मागच्या पाट्यांचे हँगर, मागच्या एक्सलवरची कमान, डिझेल टाकीच्या मागची बाजू आणि क्रॉस मेंबरचे सांधे. लहान हातोडीने ठोकून पाहावे. निरोगी पोलाद टणत्कार देते, गंजलेले बद्द वाजते. जाड पेचकस जोर लावून टोचला आणि तो आत गेला, तर पुढे तपासायचे काही राहिले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. वरच्या व खालच्या कडेला भोक पडलेल्या चेसिसवर पट्टी मारून रंग देण्याचा उद्योग रस्त्यावरच्या पुष्कळ गॅरेजांत चालतो. घराच्या तुळईप्रमाणे चेसिसचा खरा ताण वरच्या आणि खालच्या कडेवरच येतो. गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंग नीट धरत नाही. धरले तरी पट्टीच्या कडेला पोलाद तापून कमजोर होते आणि नवी भेग तिथूनच निघते. दीड टन माल भरून घाट उतरणाऱ्या गाडीला हा इलाज नाही. कंपनीने ठरवून दिलेल्या जागी आणि पद्धतीने केलेली दुरुस्ती वेगळी, आणि भोकावर मारलेले ठिगळ वेगळे.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असेही समजू नये. अमेरिकेत थंडीत रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. तेथे टोयोटा कंपनीच्या टॅकोमा, टुंड्रा व सिकोया या गाड्यांच्या चेसिस गंजल्याबद्दल मालकांनी दावा लावला आणि २०१६ साली तडजोड झाली. सुमारे पंधरा लाख गाड्या त्यात आल्या. चेसिसला ठरावीक आकाराचे, म्हणजे दहा मिलिमीटरचे किंवा त्याहून मोठे भोक पडले असेल तर कंपनीने चेसिस बदलून द्यावी असे ठरले. एका चेसिसचा खर्च सुमारे पंधरा हजार डॉलर धरून एकूण बोजा तीन अब्ज डॉलरच्या वर जाईल असा अंदाज कोर्टात मांडला गेला. त्या वेळी तेथल्या मालकांसमोर जो प्रश्न उभा राहिला तोच आज आपल्या सभासदांसमोर आहे. चेसिस तर बदलायची. पण तिच्यावरून उतरवलेले जुने सामान तसेच पुन्हा चढवायचे की नवे घालायचे?

या प्रश्नाचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. आपल्याच एका सभासदाने गेल्या साली गाडीची चेसिस बदलून घेतली. काम नवी मुंबईतल्या एका गॅरेजात झाले. नवी कोरी काळी चेसिस बघून घरचे सगळे खूष. पण गॅरेजवाल्याने ब्रेकचे जुने पाइप पुसून, वाकवून, पुन्हा त्याच नव्या चेसिसवर क्लिपा मारून बसवले होते. चार महिन्यांनी खोपोलीच्या बाजूला घाट उतरताना क्लिपेखालचा पाइप फुटला आणि ब्रेकचे पायडल निम्म्यापर्यंत खाली गेले. ब्रेकचे दोन भाग वेगळे असल्यामुळे पुढच्या चाकांनी कशीबशी गाडी धरली, गियर खाली घेऊन हँडब्रेकवर ती कडेला लागली. गाडीत सभासदाचा मुलगा आणि एक हमाल होता. दोघे सुखरूप आहेत. त्या पाइपाची किंमत चेसिसच्या खर्चापुढे किरकोळ होती, आणि चेसिस मोकळी उभी असताना तो बसवायला फिटरला तासाभराच्या वर वेळ लागला नसता. पुढे तोच पाइप घालण्यासाठी टाकी उतरवावी लागली, हौदा सैल करावा लागला, आणि दोन दिवस गाडी उभी राहिली.

आमचा हिशेब यावरूनच निघतो. भाग किती झिजला एवढेच पाहू नये. त्या भागापर्यंत पुन्हा पोहोचायला किती उस्तवार करावी लागेल हेही पाहावे. विहिरीतली मोटर वर काढली की आपण केबल, फूटव्हॉल्व्ह आणि वायसर तेव्हाच बदलतो, कारण पुन्हा क्रेन बोलावणे परवडत नाही. इथेही तसेच.

ब्रेकचे पोलादी पाइप, चाकाजवळचे रबरी होज, आणि त्यांच्या क्लिपा या तिन्ही गोष्टी न बघता नव्या घालाव्यात. होज वरून चांगले दिसतात पण आतून फुगून तेलाची वाट अडवतात. मग चाक सुटत नाही, ड्रम तापतो. मागच्या एक्सलवर भाराप्रमाणे ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा गंजून अडकलेला असेल तर रिकामी गाडी ब्रेक मारल्यावर फिरते, भरलेली थांबत नाही. तो मोकळा होत नसेल तर बदलावा. हँडब्रेकच्या केबलीही याच वेळी पाहाव्यात. ब्रेक ऑइल तर नवेच हवे. ते हवेतली ओल शोषून घेते आणि दोन वर्षांनंतर त्याचा भरवसा धरू नये. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी, आणि इंजिन चालू ठेवून पायडल मिनिटभर घट्ट दाबून धरावे. पाय हळूहळू खाली जात असेल तर गाडी बाहेर काढू देऊ नये.

पाट्यांचे काम दुसरे. शॅकल, शॅकल पिन, बुश आणि मधला सेंटर बोल्ट नवे घ्यावेत. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळून ताणला गेला की त्याचे काम झाले. तो पुन्हा वापरण्याचा मोह नको. पाटे स्वतः मात्र मोडलेले किंवा बसलेले नसतील तर चालतील. एकेक पाटा सुटा करून घासावा, भेग पाहावी, बस्स. बुश रबरी असेल तर त्याचे बोल्ट कधी आवळायचे याला फार महत्त्व आहे, आणि हे दहांतले आठ मिस्त्री चुकवतात असे आमच्या विभागाचे म्हणणे आहे. गाडी जॅकवर लटकलेली असताना बोल्ट घट्ट केले, की चाक जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट हाताने लावून ठेवावेत, गाडी चाकांवर उभी करावी, आणि मग पान्याने पूर्ण आवळावेत.

इंजिन आणि गियरबॉक्स खाली आले आहेत, तर फाउंडेशन रबरे बदलावीत. क्लच प्लेट अर्धी गेली असेल तरी या वेळी सोडू नये. प्लेटबरोबर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाच्या मागचे ऑइल सील असा संच घालावा. सील किरकोळ किमतीचे असते, पण ते पुढे गळायला लागले तर पुन्हा गियरबॉक्स उतरवण्याची मजुरी आणि तेलाने खराब झालेली नवी प्लेट दोन्ही अंगावर येतात. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून पाहावेत, खटखट वाजला तर नवा. शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर खडूची नव्हे तर छिन्नीची खूण करायला सांगावी. एक दाता इकडचा तिकडे झाला की गाडी थरथरते आणि मग लोक टायरला दोष देत बसतात.

डिझेल टाकीचे पट्टे आणि त्याखालचे रबर, तसेच चेसिसच्या कडेने जाणारे डिझेलचे पाइप नवे. टाकी उतरली आहे तर आतला गाळ आणि पाणी काढून घ्यावे. केबिनच्या खालची रबरे बहुतेक गाड्यांत चेपून भाकरीसारखी झालेली असतात. तीही याच वेळी, कारण केबिन पुन्हा उचलायची नाही. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके ढिली असतील तर बदलावीत, घट्ट असतील तर राहू द्यावीत. ती पुढे केव्हाही बदलता येतात.

वायरिंगबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण याच्या तक्रारी काम झाल्यावर महिन्याभराने येतात आणि कारण कोणाला सापडत नाही. नव्या चेसिसवर जाड रंग असतो. अर्थची तार त्या रंगावरच बोल्टने आवळली तर वीज जायला वाट नीट मिळत नाही. स्टार्टर मारताना लागणारा मोठा प्रवाह मग दुसरी वाट शोधतो, कधी क्लचच्या केबलीतून, कधी हँडब्रेकच्या. दिवे मंद होतात, मीटर वेडेवाकडे दाखवतात, केबल तापते. अर्थच्या जागेवरचा रंग उजळ पोलाद दिसेपर्यंत खरवडावा, तार आवळावी, आणि वरून ग्रीस किंवा रंग मारावा. हलक्या किमतीची दोन वेढ्यांची जाड अर्थ-पट्टी इंजिनापासून चेसिसला जास्तीची टाकली तर उत्तमच. शिवाय चेसिसवर कुठेही वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची दोन्ही टोके सोडावीत. अलीकडच्या गाड्यांत संगणकाची पेटी असते, ती एका ठिणगीत जाते.

आता काय बदलू नये? रेडिएटर, डायनामो, स्टार्टर, पाण्याचा पंप, इंजेक्टर. हे बॉनेट उघडून पुढे केव्हाही निघतात. चालू आहेत तोवर चालू द्यावेत. गॅरेजवाला “सगळंच नवीन टाकू” म्हणाला की खुशाल विचारावे, “हे काढायला पुन्हा चेसिस उघडावी लागेल का?” नाही म्हणाला तर राहू द्या म्हणावे. उसाच्या दुसऱ्या हप्त्याचे पैसे असे सहज देण्यासारखे नसतात. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग पोत्यात भरून परत मागावा. तो मागणार हे आधी सांगितले की बिलात नोंदलेला भाग खरोखरच बदलला जातो.

कागदपत्रांचे काम चेसिस मागवण्याआधी करावे. चेसिसवरचा क्रमांक हीच कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळख आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार आर.टी.ओ.च्या मंजुरीशिवाय करता येत नाही. म्हणून ज्या कार्यालयात गाडीची नोंद आहे तेथे आधी अर्ज द्यावा. आपली गाडी आपल्या जिल्ह्याची असेल तर जिल्ह्यातच, वाशीची एमएच ४३ किंवा पनवेलची एमएच ४६ असेल तर तेथे. गाडीवर बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज असेल तर त्यांचे ना-हरकत पत्र, आणि विमा कंपनीला लेखी सूचना. चेसिस अधिकृत विक्रेत्याकडूनच पक्क्या बिलावर घ्यावी. भंगार बाजारात दुसऱ्या गाडीची चेसिस निम्म्या भावात मिळते, पण ती चोरीच्या किंवा अपघातातल्या गाडीची निघाली तर गाडी ठाण्यात जमा होते आणि मालक हेलपाटे घालत राहतो. क्रमांक स्वतः ठोकणे, ठोकवून घेणे, जुना तुकडा कापून नव्यावर जोडणे हे प्रकार तर मुळीच करू नयेत. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, तेव्हा ही लपवाछपवी कधी ना कधी उघडी पडतेच. जुन्या चेसिसवरच्या क्रमांकाच्या तुकड्याचे काय करायचे तेही कार्यालयातच विचारून घ्यावे. तोवर ती भंगारवाल्याला देऊ नये.

आणि इंजिनही धूर ओकत असेल, केबिनचा पत्रा हाताला लागत असेल, तर चेसिस बदलण्याचा विचार सोडावा. २०२१ साली केंद्र सरकारने वाहने मोडीत काढण्याचे धोरण आणले. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यावर मिळणारे प्रमाणपत्र नवी गाडी घेताना उपयोगी पडते. आमचा ढोबळ हिशेब असा: चेसिस, मजुरी आणि वर सांगितलेले भाग यांची बेरीज गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक होत असेल तर घरात बसून दोनदा विचार करावा.

नवी चेसिस आली की तिच्यावर लगेच सामान चढवू देऊ नये. गवंडी घराचा पाया आखताना कर्ण मोजतो तसे चेसिसचे दोन्ही कर्ण टेपने मोजून घ्यावेत. वाहतुकीत ती तिरपी झाली असेल तर आत्ताच कळेल. मग भोकांच्या कडा, सांधे आणि पेटीच्या आतली बाजू यांना गंजरोधक मेण किंवा प्रायमर फवारून घ्यावा, पाणी जाण्याची भोके मात्र उघडी ठेवून. जळके इंजिन ऑइल चेसिसला फासण्याची आपल्याकडे रीत आहे. तिचा फायदा थोडे दिवस असतो. पुढे त्यावर धूळ बसून ओला थर होतो, आणि ते ऑइल बुशांच्या रबरावर आणि ब्रेकच्या होजवर ओघळले की रबर फुगते. त्यापेक्षा तुर्भ्याहून आल्यावर गोड्या पाण्याच्या पाइपाने खालून धुवावे, खताची फेरी झाली असेल तर त्याच दिवशी. ठिबकच्या फिल्टरमागचा पाइप ओढला तरी काम होते.

हे काम एप्रिल-मे महिन्यात काढावे. गळीत आटोपलेले असते, हवा कोरडी असल्यामुळे रंग वाळतो, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत गाडी पुन्हा रस्त्यावर येते. गाडी मिळाल्यावर पहिली फेरी रिकामीच मारावी. चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, आणि पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट, पाट्यांचे हँगर व केबिनचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. ज्या सभासदांना चेसिस तपासून हवी असेल त्यांनी गाडी खालून धुऊन आणावी. चिखलाच्या थरावर हातोडी मारून आमच्या मिस्त्रींना काही कळत नाही.